सर्व्होंना करंट कुठून द्यायचा: ईएससीचा बीईसी, वेगळा यूबीईसी की पॉवर बोर्ड?

रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानात रिसीव्हरला (रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग) सर्व्हो (पंख-शेपटीची पाती हलवणारी छोटी मोटर) लावताना तीन तारांचा एकच प्लग खोचायचा असतो, म्हणून ते एकच काम वाटतं. पण त्या प्लगमध्ये दोन वेगळी कामं चाललेली असतात. पांढरी, पिवळी किंवा नारिंगी तार सिग्नल आणते: साधारण दर २० मिलिसेकंदांनी १ ते २ मिलिसेकंदांचा एक पल्स. १.५ चा पल्स आला की सर्व्हो मध्यावर. या तारेतला करंट नगण्य. सगळा भार असतो लाल आणि काळ्या (किंवा तपकिरी) तारेवर. तिन्ही पर्यायांतला खरा फरक या जोडीचा आहे: तिला करंट ईएससीमधला (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज सर्व्होंसाठी उतरवणारा रेग्युलेटर) देतो, वेगळा बसवलेला बीईसी म्हणजे यूबीईसी देतो, की सर्व्होंना थेट वीज वाटणारा पॉवर बोर्ड.

आधी बेरीज करा. एमजी ९९६आर हा सर्व्हो ६ व्होल्टवर अडकला, म्हणजे जोर लावूनही फिरू शकला नाही, की सुमारे २.५ ॲम्पिअर ओढतो. असे सहा म्हणजे १५ ॲम्पिअर. सगळे एकाच क्षणी अडकत नाहीत, तरी निम्मा आकडा सतत मिळालाच पाहिजे असं मी धरतो.

चार नऊ-ग्रॅमी सर्व्होंचं फोमचं विमान असेल तर ईएससीमधला बीईसी पुरतो, पैसे घालवू नका. फक्त तो लिनियर आहे की स्विचिंग, हे बघा. लिनियर बीईसी जास्तीचं व्होल्टेज उष्णता म्हणून टाकून देतो. पूर्ण चार्ज ३एस (तीन सेलची लिपो बॅटरी) म्हणजे १२.६ व्होल्ट. त्यातून ५ काढून दीड ॲम्पिअर घेतला, तर ११ वॉटहून अधिक उष्णता श्रिंक ट्यूबमध्ये कोंडलेल्या इवल्याशा चिपवर पडते. माझं दीड मीटर पंखांचं बाल्साचं विमान असंच गेलं. चार मेटल गिअर सर्व्हो, दुसरंच जोरकस वळण, आणि रिसीव्हर रिसेट. रिमोटशी लिंक परत येईपर्यंत विमान शेतात होतं. टेबलावर सगळं नीट चाललं होतं, कारण तिथे एलेरॉनवर (पंखांवरच्या हलत्या पात्यांवर) हवेचा दाब नव्हता.

दोन मीटरपर्यंतच्या बहुतेक विमानांसाठी, कॉलेजच्या टीमसाठी तर नक्कीच, मी वेगळा स्विचिंग यूबीईसी सुचवेन. तो मुख्य बॅटरीवरूनच चालतो, फार तापत नाही. तो लावताना ईएससीच्या प्लगमधली लाल पिन काढून टेप लावा, नाहीतर दोन रेग्युलेटर एकमेकांशी झगडतात. काळी तार तशीच राहू द्या, सिग्नलला ग्राउंड सामाईक लागतं. यूबीईसी रिसीव्हरच्या अँटेनापासून लांब बसवा.

याची मर्यादा मात्र लोक विसरतात. १० ॲम्पिअरचा यूबीईसी घेतला, तरी सर्व्हो प्लगची पिन साधारण ३ ॲम्पिअरचीच. म्हणून त्याच्या दोन लीड दोन पोर्टांत द्या. तरीही सर्व्होंचा सगळा करंट रिसीव्हरच्या बारीक तांब्यातूनच जातो.

तो रस्ता टाळायचा असेल तर पॉवर बोर्ड. जर्मनीच्या पॉवरबॉक्स सिस्टिम्सचे किंवा चेक कंपनी जेटीचे सेंट्रल बॉक्स याच कामाचे. दोन बॅटऱ्या जोडता येतात, एक बंद पडली की दुसरी भार घेते. सर्व्हो बोर्डावर, रिसीव्हरकडून फक्त सिग्नल. बोर्ड आणि रिसीव्हर दोघांनाही एसबस ही डिजिटल सिग्नलची पद्धत चालत असेल, तर १६ चॅनेल एकाच तारेतून येतात, नाहीतर प्रत्येक चॅनेलला वेगळी तार. पेट्रोल इंजिन, टर्बाइन, आठ-दहा हाय व्होल्टेज सर्व्हो असतील तर मी दुसरा विचारही करणार नाही. सहा सर्व्होंसाठी मात्र तेच पैसे चांगल्या सर्व्होंवर घाला. आणि जुने ६ व्होल्टचे सर्व्हो थेट २एस लिपोवर लावू नका, ८.४ व्होल्टने ते जळतात.

रिकाम्या पोर्टात ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर खोचून भागेल, असं कुणी सांगेल. ५ ॲम्पिअरच्या भारात त्याचं व्होल्टेज मिलिसेकंदाभरात १ व्होल्टने उतरतं. क्षणिक झटका तो पेलेल, कमी पडणारा बीईसी नाही.

निर्णय झाल्यावर जमिनीवरच परीक्षा घ्या. मोटरचा प्रॉपेलर काढा, मित्राला एलेरॉन आणि एलिव्हेटर (शेपटीवरचं आडवं पातं) हलक्या हाताने धरायला सांगा, दोन्ही स्टिक जोरात फिरवा आणि रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टावर व्होल्टेज बघा. मल्टिमीटरला क्षणिक घट दिसत नाही, टेलिमेट्रीत (विमानाकडून रिमोटवर परत येणाऱ्या माहितीत) किमान व्होल्टेज नोंदलं जात असेल तर तेच बघा. ५ चे साडेचारच्या खाली जात असतील, तर ते विमान अजून उडवायचं नाही.