स्कीचं सामान सीझनभर भाड्याने घेतलं: सहा महिन्यांनंतरचा अनुभव

फेब्रुवारीतल्या सुट्टीचा पाचवा दिवस. स्वित्झर्लंडमधल्या बेटमरहॉर्न शिखरावरून खाली येताना माझ्या उजव्या बुटाचं खालून तिसरं बकल तुटलं. खट्‌कन आवाज आला आणि लोखंडी कडी बर्फात पडली. चार बकलांमधलं हे तिसरं बकल टाच मागे दाबून धरतं. ते गेलं की पाय बुटात वर-खाली होतो आणि गुडघा कितीही पुढे टाकला तरी स्की वळत नाही. उतार लाल रंगाचा, म्हणजे मध्यम. एरवी तो मी आरामात उतरते. त्या दिवशी आडवी घसरत, थांबत थांबत उतरले, तेव्हा खाली पोचेपर्यंत मांड्या थरथरत होत्या. कडी मात्र उचलून खिशात ठेवली होती.

आता सुरुवातीपासून सांगते.

ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघांचं सामान झ्युरिकजवळच्या एका दुकानातून एप्रिलअखेरपर्यंतच्या भाड्याने घेतलं. मुलांचे सेट प्रत्येकी १५० फ्रँकना, आमचे २८०ना. डोंगरावरच्या गावात आठवड्याचं भाडं मोठ्या माणसाला २२०च्या आसपास सांगत होते. आम्ही वर्षाला दहा-अकरा दिवस स्की करतो, त्यामुळे हिशेब सरळच होता. शिवाय प्रत्येकी १२ फ्रँक भरून मोडतोडीचं संरक्षणही घेतलं.

डिसेंबर-जानेवारीत मी खूश होते. रविवारी सकाळी गाडी पकडायची, उंटरटेर्झेनला उतरायचं, स्टेशनालगतच्या रोपवेत बसायचं आणि फ्लुम्सरबेर्गच्या स्की-उतारांवर पोचायचं. दुकानात रांग नाही, माप घ्यायचं नाही. जानेवारीत लेकीचा पाय वाढला. तिचा २२.५चा बूट (स्कीच्या बुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी) बदलून दुकानाने २३.५चा दिला, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवून धरणारी पकड) नव्याने लावून दिलं आणि एक पैसाही घेतला नाही. तेव्हा लिहायला बसले असते तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

मुलांच्या बाबतीत आजही तेच देईन. त्यांचे पाय वाढतात, विकत घेण्यात अर्थ नाही आणि आठवड्याच्या भाड्यावर दरवर्षी पैसे घालवण्यातही नाही.

मोठ्यांच्या बुटांबद्दल मात्र माझं मत बदललं, आणि ते बेटमरआल्पला.

हे गाव आम्ही ठरवून निवडलं. फेब्रुवारीत शाळांना खेळाची सुट्टी असते. प्रत्येक कँटनचा (इथल्या राज्याचा) आठवडा वेगळा असला तरी मोठ्या नावाच्या गावांत गर्दी आणि भाडी दोन्ही झेपत नाहीत. बेटमरआल्प साधारण १,९५० मीटरवर आहे, त्यामुळे बर्फाची काळजी कमी. गाड्यांना बंदी. वर गेलं की आल्प्समधली सगळ्यात मोठी हिमनदी, आलेच, समोर पसरलेली दिसते. २००१ पासून तो भाग जागतिक वारसा यादीत आहे. संध्याकाळी लिफ्ट बंद झाल्या की गावात घसरगाड्यांचा आणि बर्फावरच्या पावलांचाच आवाज. लोक मुलांना आणि किराण्याला लाकडी घसरगाडीवर बसवून ओढत नेतात. आमच्या धाकट्याला त्या घसरगाडीचं स्कीपेक्षा जास्त वेड लागलं.

जाणंही स्वस्तात होतं. आमच्याकडे रेल्वेचं निम्म्या भाड्याचं कार्ड आहे, मुलांची वर्षाला ३० फ्रँकची कार्डं, म्हणजे आईबापांबरोबर त्यांना तिकीट नाही. झ्युरिकहून ब्रिग, तिथे स्टेशनाबाहेरच्या चौकातून छोटी लाल गाडी, बेटन टालश्टाट्सिऑनला उतरून रोपवे. पण हे सगळं चार जणांच्या स्की, काठ्या, बूट आणि आठवड्याच्या बॅगांसकट! ब्रिगच्या चौकात आम्ही दोन खेपा केल्या. नवरा म्हणाला, "अगं, पुढच्या वेळी हे वरच घेऊ." मी म्हटलं, "पैसे भरलेत ना आपण?" वाद तिथेच संपला, पण म्हणणं त्याचंच बरोबर होतं.

तर तुटलेल्या बकलाकडे येते. खाली आल्यावर गावातल्या पहिल्या दुकानात गेले. माणूस सभ्य होता. म्हणाला, बूट बदलून देतो, पण बाइंडिंगला हात लावणार नाही. यात त्याची चूक नाही, हे मला नंतर पटलं. बाइंडिंग माणसाचं वजन, उंची, वय, सराव आणि बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी यांवरून लावतात. पडल्यावर स्की सुटली पाहिजे, पण उगाच सुटता कामा नये, म्हणून हे इतकं काटेकोर. माझ्या बुटाच्या टाचेजवळ ३०५ छापलं होतं, त्याच्याकडचे माझ्या मापाचे बूट ३१५चे. दुसऱ्या दुकानाच्या स्कीवर त्याने बाइंडिंग लावलं आणि माझा पाय मोडला तर जबाबदारी त्याची. मग म्हणाला, माझ्याकडचा पूर्ण सेट घ्या, तीन दिवसांचे १३५ फ्रँक. घरी भाड्याचा सेट पडलाय आणि मी दुसरा भाड्याने घेऊ! माझ्याच्याने ते होईना.

झ्युरिकच्या दुकानाला फोन केला. उत्तर आलं, इथे आणून द्या, बदलून देऊ. जाऊन येण्यात अख्खा दिवस आणि लिफ्ट-पासचा एक दिवस वाया.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीणबाईंनी गावाच्या दुसऱ्या टोकाचं एक छोटं दुकान सांगितलं. तिथल्या वयस्क गृहस्थांनी बूट मांडीवर उलटा घेतला, खणातून जुन्या बकलांचा डबा काढला आणि एकेक कडी लावून पाहिली. पाचवी बसली. मग बकल फिरवून त्याचे आटे किती लांबवायचे ते मला दाखवलं: आधी सैल लावा, अर्धा तास स्की करा, मग एक-एक फेरा घट्ट करा. ऑक्टोबरपासून हे बूट माझ्याकडे होते, पण बकल फिरतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी रोज पुढच्या दातात जोर लावून अडकवत होते. पैसे घेतले २० फ्रँक, वेळ लागला पंधरा मिनिटं. उरलेले दोन दिवस बूट कधी नव्हे इतका छान बसला.

म्हणून शांत, लहान गावात जायचं असेल तर मोठ्यांनी एक तर सामान तिथेच घ्यावं किंवा बूट स्वतःचे घ्यावेत. भाड्याने घेताना निदान एवढं तरी करा: आतलं मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे एक ते दोन बोटं मावतात का बघा. मोजा एकच, पातळ. आपल्याकडे थंडी म्हणून दोन घालायची सवय असते, त्याने पाय उलट जास्त गारठतात. आणि प्रत्येक बकलाची कडी उजेडात धरून पाहा. मी यंदा पाहिली नाही.

एप्रिलच्या शेवटी सामान परत करायला गेले तेव्हा काउंटरवरच्या मुलाने बदललेलं बकल पाहून ४० फ्रँक मागितले. मोडतोडीचं संरक्षण स्की आणि काठ्यांना, बुटांना नाही, असं त्याचं म्हणणं. मी पावती काढली. त्यावर बूट वगळल्याचं कुठेही नव्हतं. तो तरी ऐकेना, तेव्हा मालकांना बोलावलं आणि खिशातली तुटकी कडी काउंटरवर ठेवली. तुटलेल्या जागी अर्धा भाग गंजून काळा पडला होता, अर्धा चकचकीत होता. म्हणजे चीर जुनी, माझ्या हातात बूट यायच्या आधीची.

मालकांनी ती चष्म्याजवळ धरून बराच वेळ पाहिली. मग गावातल्या दुरुस्तीचे २० फ्रँक मला रोख परत दिले, माफी मागितली आणि आत रॅककडे गेले. मी पैसे पाकिटात ठेवत होते तेवढ्यात त्यांनी माझ्यासारखे बूट एकेक करून खाली काढले आणि प्रत्येकाचं तिसरं बकल उघडून बघायला लागले. मी निघेपर्यंत दोन जोड बाजूला ठेवले होते.