स्विफ्ट डिझेलचं रिमॅप: पिकअप मिळाला, पण क्लचचं बोला

माझी बीएस-4 (जुन्या प्रदूषण नियमांची) डिझेल स्विफ्ट, म्हणजे डीडीआयएस, रिमॅप करून आता वर्ष होत आलं. रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदलून जास्त जोर काढणं; ते करून देणारा तो ट्यूनर. इतक्यात लिहायचं मनात नव्हतं, पण साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर क्लचने मान टाकली. चौथ्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा वर पळायचा, वेग मात्र तिथल्या तिथे. पाठोपाठ जळका वास आणि मागे ट्रकची रांग. दुसऱ्यात, पाय अगदी हलका ठेवून कसाबसा घाट चढलो.

आधी चांगलं ते सांगतो. ही गाडी चालवलेल्यांना 2000 आरपीएमच्या खालचा लॅग, म्हणजे टर्बो जागा होईपर्यंतची सुस्ती, समजावायला नको. स्पीडब्रेकर उतरून तिसऱ्यात टाकली की नुसती गुरगुरत राहते आणि टर्बो जागा झाला की एकदम सुटते. रिमॅपनंतर 1700-1800 पासूनच ओढायला लागली. एसी चालू, चार माणसं आणि सामान, तरी ओव्हरटेकला दर वेळी गिअर खाली घ्यावा लागत नाही. पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये याचं सुख फार मोठं आहे. हायवेचं अ‍ॅव्हरेज होतं तेवढंच राहिलं, शहरात जरासं उतरलं.

75 पीएसचे (हॉर्सपॉवरचे) 95 होतात, ही जाहिरात माझ्या काहीच कामाची नाही. ते आकडे 4000 आरपीएमच्या आसपासचे, आणि ऑफिसला जाता-येता तिथवर जातो कोण? कंपनीचा 190 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, 2000 ला मिळतो, म्हणजे त्या क्षणी इंजिन साधारण 54 पीएस देतं. ट्यूनरने सांगितलेले 240 खरे धरले तर तिथेच 68 होतात. रोज पायाखाली जाणवतो तो हा 14 चा फरक, आणि पैसे मोजायचे ते यासाठी. मात्र आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही डायनो ग्राफ (मशीनवर गाडी चालवून मोजलेल्या ताकदीचे आलेख) हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मला तोंडी आकड्यावर बोळवलं गेलं.

आता क्लच. रिमॅपची सगळी चर्चा टर्बो आणि इंजिनाच्या आयुष्यावर चालते, क्लचबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. क्लचला पीएसशी देणंघेणं नाही, त्याला टॉर्क पेलायचा असतो. आणि वाढीव टॉर्क सगळ्यात जास्त येतो तो 1800 ते 2500 मध्ये, मोठ्या गिअरमध्ये, चढावर. नवा क्लच हे कदाचित निभावून नेईल. माझा नव्वद हजार किलोमीटर झिजलेला होता. ट्यूनर म्हणाला, क्लच जुनाच होता. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, गाडीत बदल केलाय, आम्ही हात लावणार नाही. पैसे घेताना गोड बोललेला ट्यूनर पुढे फोनही उचलेना, याचा मला आजही संताप येतो. गाडीचे किलोमीटर त्याने स्वतः लिहून घेतले होते. क्लच तपासा, एवढं एक वाक्य त्याने बोलायला हवं होतं.

शेवटी आमच्या नेहमीच्या मेस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला. प्लेटचं लायनिंग काचेसारखं गुळगुळीत झालेलं, एका बाजूला रिव्हेटची डोकी वर आलेली, फ्लायव्हीलवर निळे डाग. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मजुरी धरून रिमॅपच्या निम्म्याहून जास्त खर्च आला.

सुरुवातीचे काही महिने मी भेटेल त्याला रिमॅप कर म्हणून सांगत होतो. आता आधी किलोमीटर विचारतो. ऐंशी हजारांच्या पुढची गाडी असेल तर क्लचचे पैसे बाजूला काढूनच ट्यूनरकडे जा. तपासायला सोपं आहे: मोकळ्या चढावर चौथ्यात 1500 ला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम वाढून वेग वाढला नाही, तर क्लच संपत आलाय.

याच 1248 सीसीच्या इंजिनातून सियाझला 90 पीएस मिळायचे, मग स्विफ्टला द्यायला काय हरकत, असं बरेच जण म्हणतात. पण सियाझचा टर्बो व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे आतली पाती वेगानुसार हलणारा, आपला फिक्स्ड. फरक नुसत्या सॉफ्टवेअरचा नाही. म्हणून ‘अजून थोडं वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला मी हात जोडतो. तेलाच्या एअर फिल्टरलाही नाहीच म्हणेन. तेल जास्त झालं तर एअर फ्लो सेन्सरवर बसतं, आणि पिकअपमध्ये फरक शोधावा लागतो. साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीवर तर रिमॅपचे पैसे घालूच नका.

इन्शुरन्सचंही बघा. मोटर वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो. मी कंपनीला लेखी कळवलंय, उत्तराची वाट बघतोय.

नवा क्लच बसवल्यावर दुसऱ्या ट्यूनरकडून रिमॅपची फाइल सौम्य करून घेतली. 2000 च्या खाली टॉर्क आता हळूहळू चढतो. पहिली झेप थोडी कमी झाली, पण लॅग परत आलेला नाही. परवा त्याच घाटात तिसऱ्यात, एसी न बंद करता गाडी सरळ चढली.