गिव्हअवे ऑफ द डे: घरच्यासाठी जरूर घ्या, विकायला किंवा ऑफिसात वापरायला नको

रोज एक विंडोज सॉफ्टवेअर, २४ तासांपुरतं फुकट, एवढंच या साइटचं काम. फोटो एडिटर, पीडीएफ कन्व्हर्टर, व्हिडिओ कटर असा माल असतो. हे क्रॅक (कुलूप तोडलेली बेकायदा प्रत) नव्हे, कंपनीनं स्वतः प्रसिद्धीसाठी दिलेलं लायसन्स असतं. घरच्या कॉम्प्युटरसाठी आम्ही ५ पैकी ४ देऊ. एक गुण कापला तो पुन्हा इन्स्टॉल करता येत नाही म्हणून.

अटी मोजक्या आहेत. वापर व्यावसायिक नसावा, मोफत टेक्निकल सपोर्ट नाही, पुढच्या व्हर्जनचं अपग्रेड मोफत नाही. मुदत संपायच्या आत डाउनलोडच नव्हे, इन्स्टॉल आणि अ‍ॅक्टिव्हेशनसुद्धा उरकावं लागतं. झिप (डाउनलोड होणारी, एकत्र बांधलेली फाइल) उतरवून ठेवली आणि चार दिवसांनी सेटअप चालवला, तर ऑफर संपल्याचा संदेश येतो.

झिप आधी एका फोल्डरमध्ये पूर्ण उघडा आणि रीडमी फाइल असेल तर ती वाचा. रजिस्ट्रेशन की (प्रोग्रॅम चालू करायचा कोड) बहुतेक वेळा तिच्यातच असते, कधी ती कंपनीच्या पानावर ईमेल देऊन घ्यावी लागते. इन्स्टॉल झाल्यावर ‘अबाउट’ खिडकी उघडा. तिथे ‘ट्रायल’ दिसलं तर अ‍ॅक्टिव्हेशन राहिलंय. लायसन्स कायमचं आहे की ६ महिने किंवा वर्षाचं, हेही तेव्हाच बघा. मग लगेच सेटिंग्जमध्ये जाऊन आपोआप अपडेट होणं बंद करा. नवीन व्हर्जन बसलं की जुनी की चालत नाही आणि प्रोग्रॅम ट्रायलवर येतो, हा सगळ्यात नेहमीचा घोळ. कॉम्प्युटर फॉरमॅट केला तरी लायसन्स जातं. म्हणून अ‍ॅक्टिव्हेशननंतर डिस्कची पूर्ण इमेज (सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत) काढून ठेवा. हार्डवेअरशी बांधलेलं लायसन्स मात्र मदरबोर्ड बदलल्यावर इमेजमधूनही परत येईलच असं नाही.

आता विक्रीचं. न वापरलेली की कुणाला तरी विकून टाकू, असं सहज मनात येतं. पण की म्हणजे वस्तू नव्हे, तुम्हाला दिलेली परवानगी. व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क खटल्यात अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टानं २०१० मध्ये सांगितलं, की मूळ ग्राहकाकडे फक्त लायसन्स होतं, मालकी नव्हती, त्यामुळे व्हर्नर विकत असलेल्या ऑटोकॅडच्या (ऑटोडेस्कचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) जुन्या प्रती पुढे विकायचा हक्क कुणाला मिळालाच नव्हता. याच कोर्टानं २०११ मध्ये यूएमजी (संगीत कंपनी) विरुद्ध ऑगस्टो खटल्यात प्रमोशनल सीडी विकायला मात्र मुभा दिली, त्यांवर ‘विक्रीसाठी नाही’ छापलेलं असूनही. त्या सीडी न मागता पोस्टानं पाठवल्या होत्या आणि परत घ्यायची काही सोय कंपनीनं ठेवली नव्हती. गिव्हअवेत तुम्ही करार ‘मान्य’ करून की घेता, म्हणून या निकालाचा आधार इथे मिळत नाही. युरोपात २०१२ च्या यूज्डसॉफ्ट खटल्यात युरोपीय न्यायालयाच्या निकालानं डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअरही विकता येतं असं ठरवलं, पण त्यासाठी लायसन्स कायमचं हवं, त्याची रास्त किंमत मोजलेली हवी आणि विकणाऱ्यानं स्वतःची प्रत निकामी करायला हवी. फुकटात घेतलेली की किमतीच्या अटीवरच अडते.

अशी की बाजारात स्वस्तात दिसली तर घेऊ नका. कंपनीनं ती बाद केली की तुमचे पैसे गेले. ऑफिसात वापरणं त्याहून जोखमीचं. लायसन्सचं ऑडिट (तपासणी) झालं की खरेदीचं बिल मागतात आणि इथे बिलच नसतं.

करासाठी एकच प्रश्न विचारा: हे कशाच्या बदल्यात मिळालं? सगळ्यांसाठी खुली ऑफर घरी वापरली तर सहसा काही प्रश्न येत नाही. बक्षीस म्हणून, परीक्षण लिहिण्याच्या मोबदल्यात किंवा कामाच्या निमित्तानं मिळालं, तर त्याचं बाजारमूल्य उत्पन्नात धरलं जाऊ शकतं. ‘कर लागल्यास तो घेणाऱ्यानं भरायचा’ असं कलम अशा ऑफरच्या अटींत म्हणूनच असतं. मूल्य काढताना पानावरची खोडलेली छापील किंमत घेऊ नका, त्या दिवशी सॉफ्टवेअर खरोखर ज्या भावानं विकलं जात होतं तो भाव घ्या. त्यासाठी किंमत, तारीख आणि अटी दिसतील असा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

‘रिबेटनंतर फुकट’ हा प्रकार वेगळा: आधी पूर्ण किंमत भरायची, मग ती परत मिळते. अमेरिकेत उत्पादकाचा रिबेट असेल तर सेल्स टॅक्स साधारणपणे पूर्ण किमतीवर लागतो. ५० डॉलरच्या सॉफ्टवेअरच्या डब्यावर ८ टक्के दरानं ४ डॉलर जातात आणि रिबेटमध्ये ते परत येत नाहीत. तिथल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना तर एका वेळी २० आणि एकाच देणाऱ्याकडून वर्षात ५० डॉलरपर्यंतच भेट घेता येते. त्यामुळे विक्रेत्याच्या कार्यक्रमात वाटलेलं महागडं सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यांनी आपल्या नीतिनियम अधिकाऱ्याला विचारावं.