एलएस३च्या नावाखाली ट्रकचं इंजिन : जुन्या शेव्हेल-कमॅरोवाल्यांनो, ॲडव्हान्स देण्याआधी वाचा

२१,०९० डॉलर. एवढे पैसे घेऊन माझ्या १९७०च्या शेव्हेलमध्ये (शेव्हरलेची जुनी गाडी) एका भामट्याने जुन्या ट्रकचं इंजिन चंदेरी रंग फासून बसवलं आणि एलएस३ (शेव्हरलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमधलं इंजिन) म्हणून माझ्या गळ्यात मारलं. डेट्रॉइटच्या आसपास आपली बरीच मंडळी हल्ली जुन्या गाड्यांच्या नादाला लागली आहेत, म्हणून लिहितोय. गॅरेजचं नाव लिहीत नाही. प्रकरण कोर्टात आहे आणि वकिलाने तोंड बंद ठेवायला सांगितलंय. तोंड बंदच आहे.

सौदा असा होता. गाडीतलं जुनं ३५० (३५० घनइंचाचं मूळ इंजिन) काढायचं आणि त्या जागी शेव्हरलेचं नवंकोरं क्रेट इंजिन, म्हणजे कंपनीतून खोक्यात तयार येणारं इंजिन, बसवायचं, एलएस३, ६.२ लिटर, ४३० हॉर्सपॉवर. इंजिनाचे ९,४००, गिअरबॉक्सचे २,७००, माउंट, वायरिंग, टाकी आणि एक्झॉस्टचे ३,१५०, मजुरी ४,६००. एकूण १९,८५०. वर ‘प्रोग्रॅमिंग’चे १,२४० मागाहून उपटले, त्याचं पुढे सांगतो. ११,००० आधी, थेट खात्यात. “इंजिनाचा भाव सोमवारी वाढतोय” हे ठरलेलं वाक्य मलाही ऐकवलं. ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मोठी फेरी असते, त्याआधी गाडी हवी होती, म्हणून दिले. क्रेडिट कार्ड घेणार का विचारलं तर म्हणाला, साडेतीन टक्के जादा पडतील. ते टक्के भरा. कार्डाने दिले असते तर स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी वाद घालता आला असता. खात्यातून गेलेला पैसा गेला म्हणजे गेला.

“ऑटो कंपनीत नोकरी करतोस आणि तरी फसलास?” हे मला मंडळाच्या गणपतीत किमान निम्म्या लोकांनी ऐकवलंय. अहो, मी सॉफ्टवेअरवाला. सीट पुढेमागे सरकवणाऱ्या मोटरचा कोड लिहितो, इंजिनाचं हेड उघडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि हा माणूस चोरासारखा दिसत नव्हता. तीन लिफ्टचं स्वच्छ गॅरेज, भिंतीवर प्रमाणपत्रं, कोपऱ्यात शेव्हरलेचा छापा असलेला क्रेट इंजिनाचा खोका. खोका रिकामा होता. “इंजिन आत स्टँडवर चढवलंय” म्हणाला. त्या खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवून बघायचं कुणाच्या डोक्यात येतं? तुमच्या येऊ द्या.

आता तो फोटो. याने माझी झोप उडवली आहे.

इंजिन स्टँडवर असताना त्याने मला फोटो पाठवला होता. वर कॉर्व्हेटवाली लाल झाकणं, चकाचक. आणि पुढे थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप), तिला पॅडलपासूनची केबल अडकवायची चाप. मी स्वतः विचारलं होतं, लेखी मेसेज आहे माझ्याकडे : “एलएस३ला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असतो ना? ही केबल कसली?” उत्तर आलं, “जुन्या गाडीत पॅडलचा जुना फील हवा असतो लोकांना, फुकटात अपग्रेड करून दिलंय.” मी अंगठा पाठवला. का नाही पाठवणार? एलएस३वर बसणारी केबलची थ्रॉटल बॉडी बाजारात खरंच मिळते, मी शोधून पाहिलं होतं. पण ती चार बोल्टांची असते. फोटोतली तीन बोल्टांची होती. त्रिकोणात, आजही फोटो मोठा केला की स्पष्ट दिसतात. तीन बोल्ट म्हणजे आधीची पिढी, १९९७पासून आलेली एलएस१ आणि तिच्या भावकीतली ट्रकची इंजिनं. मी प्रश्न बरोबर विचारला होता हो! फक्त बोल्ट मोजले नाहीत.

मग ते १,२४०. गाडी न्यायला गेलो तर इंजिन सुरू होई आणि दोन सेकंदांत बंद पडे. “कॉम्प्युटर प्रोग्रॅम करावा लागेल.” नंतर कळलं की ते चोरीविरोधी कुलूप होतं. ज्या गाडीतून कॉम्प्युटर काढला तिच्या चोरीविरोधी यंत्रणेकडून खूण मिळाल्याशिवाय ते इंजिन चालू देत नाही. क्रेटमधून आलेल्या कोऱ्या इंजिनाला चोराची भीती कशाला? भंगारातल्या कॉम्प्युटरचं कुलूप काढायचेही पैसे त्याने माझ्याकडूनच घेतले.

पितळ उघडं पडलं ते घरी. पॉवरट्रेनमध्ये काम करणारा मंडळातला एक मित्र गाडी बघायला आला, बॉनेट उघडलं, काही बोलला नाही, आत गेला आणि आमच्या फ्रिजवरचा अष्टविनायकाचा मॅग्नेट घेऊन आला. ब्लॉकला लावला. टक्कन चिकटला. एलएस३चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असतो, त्याला मॅग्नेट चिकटायचं कारणच नाही. बायको म्हणाली, “रंगामुळे असेल.” रंगाखाली ओतीव लोखंड होतं. मग मित्राने फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधली भिंत) बाजूला टॉर्च आणि आरसा घालून ब्लॉकवर ओतलेली अक्षरं शोधली : ४.८/५.३, म्हणजे लिटर. ट्रकच्या या दोन इंजिनांचा ब्लॉक एकच असतो. माझी आशा एवढी खाली आली होती की मी म्हणालो, निदान ५.३ असू दे. त्याने प्लग काढून कॅमेरा आत सोडला. पिस्टनचा माथा सपाट. त्या काळच्या लोखंडी ५.३चा माथा खोलगट असतो. म्हणजे ४.८, सगळ्यात लहान. भंगारवाल्याकडे हजार डॉलरच्या आत मिळतं.

इंजिन वाईट नाही ते, हेही सांगून टाकतो. ती ट्रकची इंजिनं लाखांनी मैल धावतात. ४.८ म्हणून ४.८च्या भावात दिलं असतं तर मी घेतलंही असतं. पण कामही धड नाही. या इंजिनांना इंधनाचा दाब ५८ पीएसआय (दाबाचं माप) लागतो, जुन्या कार्ब्युरेटरला सहा-सात पुरत. पठ्ठ्याने मधल्या जोडाला कार्ब्युरेटरचाच रबरी होज आणि साधा क्लँप लावला होता. दोन पोरं मागच्या सीटवर घेऊन मी आइस्क्रीम खायला गेलो होतो त्या गाडीतून. ट्रकचा खोल ऑइल पॅनही तसाच ठेवलेला, क्रॉसमेंबरच्या (सांगाड्यातली आडवी पट्टी) खाली लोंबतोय, एक स्पीडब्रेकर आणि खेळ खलास.

आणि माझं ३५०? “ते मी भंगारात दिलं, कोअर म्हणून,” म्हणजे नव्याच्या बदल्यात द्यायचा जुना भाग म्हणून. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट पट्टी असते, तिच्यावर व्हीआयएनचे (गाडीच्या ओळख क्रमांकाचे) शेवटचे आकडे ठोकलेले असतात. माझ्या ब्लॉकवरचे गाडीशी जुळत होते. जुळणारं इंजिन गेलं की गाडीची किंमत गेली, हे त्याला माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नका. जुनं इंजिन माझं, मला परत, असं करारात लिहून घ्या. त्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. जमलं तर ते इंजिन त्याच दिवशी घरी आणून टाका, बायको काय बोलायचं ते बोलेल.

पोलिसांकडे गेलो. काउंटरवरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “हा दिवाणी मामला आहे.” मी म्हटलं, बाई, पितळ सोनं म्हणून विकलं तर? “दिवाणी.” राज्याच्या एका खात्याकडे तक्रार केली. मिशिगनमध्ये गॅरेजवाल्यांसाठी १९७४पासून कायदा आहे, लेखी अंदाजपत्रक द्यायलाच लागतं, जुने भाग मागितले तर द्यायला लागतात. कितीतरी आठवडे काही नाही, मग पत्र आलं : तुमचं काम ‘दुरुस्ती’ नसून ‘फेरबदल’ दिसतं, तरी आम्ही गॅरेजला कळवलंय. गॅरेजने उत्तर दिलं नाही, म्हणून फाइल बंद! उत्तर न देणाऱ्याची फाइल बंद होते, हा कुठला न्याय? मग ग्राहक तक्रारीचं दुसरं दार. तिथे फॉर्म भरला, पावत्या जोडल्या, फोटो जोडले. तीन बोल्टांवर लाल वर्तुळ काढून पाठवलं. उत्तर आलं ते छापील, त्यात माझं नावही चुकलेलं.

बँकेचं म्हणणं, तुम्ही स्वतः पाठवलेत.

स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) जावं म्हटलं तर तिथे मर्यादा ७,००० डॉलर, आणि त्याहून भारी गंमत म्हणजे फसवणुकीचा दावा तिथे चालतच नाही. पोलीस म्हणतात फसवणूक नाही, आणि इथे म्हणतात फसवणूक असेल तर येऊ नका. शेवटी जिल्हा कोर्ट, २५,०००पर्यंतचे दावे तिथे. वकिलाचे २,८०० आगाऊ, हे वर सांगितलेल्या आकड्यात धरलेले नाहीत.

पैसे अडवून भांडायचा विचार असेल तर सावध राहा. बिल भरलं नाही तर गाडी अडवून ठेवायचा हक्क गॅरेजला कायद्यानेच आहे. मी शेवटचे ४,५९० दिले ते त्यामुळेच. गाडी आधी दाराबाहेर काढा, मग तोंड उघडा. आणि त्याने तोंडी जे सांगितलं ते त्याच संध्याकाळी मेसेजवर लिहून “बरोबर ना?” विचारा. माझ्याकडे कोर्टात दाखवण्यासारखं जे काही आहे ते तेवढंच आहे.

पहिल्या तारखेला तो आजारी पडला. पुढची मिळाली आहे. तोवर गाडी घरच्या गॅरेजमध्ये उभी, कारण ते इंजिन आता पुरावा आहे आणि वकील म्हणतो एक बोल्टही सैल करायचा नाही. विमा मात्र दरमहा भरतोय.