दोघांसाठी शिडाची सफर: डाल्मेशिया की बोहुसलेन?

दोघांनीच बोट चालवायची, आठवडाभर बेटाबेटांतून हिंडायचं आणि किनारा कातळाचा हवा, एवढं ठरलं की युरोपात दोन नावं हमखास पुढे येतात: क्रोएशियाचा डाल्मेशिया आणि स्वीडनचा पश्चिम किनारा, बोहुसलेन. आम्ही दोन्हीकडे जाऊन आलो. देखणेपणात दोन्ही तोडीस तोड आहेत, म्हणून फोटो बघून ठरवू नका. संध्याकाळी बोट कुठे आणि कशी बांधायची, यावर ठरवा. माणसं दोनच असली की सगळा दिवस त्या पंधरा मिनिटांवर येऊन ठेपतो.

डाल्मेशियात बोट पाठीकडून धक्क्याला लावतात. उलटं येत राहायचं, समुद्राच्या तळाशी बांधलेला दोर आकड्याने उचलायचा आणि पार बोटीच्या नाकापर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत नेऊन ताणून बांधायचा. हा दोर सतत पाण्यात असतो, त्यावर शिंपल्यांचा धारदार चुरा बसलेला असतो. पहिल्याच संध्याकाळी नवऱ्याने तो उघड्या हातांनी ओढला आणि दोन्ही तळवे सोलवटले. मी सुकाणूवर होते, आडव्या वाऱ्याने बोट शेजारच्या बोटीवर सरकत होती, मला जागा सोडता येईना. हातमोजे न्याच. जुलै-ऑगस्टमध्ये चांगली बंदरं दुपारी चारपर्यंत भरत येतात, तेव्हा पोहण्याचा मोह आवरून लवकर निघावं लागतं.

बोहुसलेनमध्ये नांगर मागे सोडायचा आणि नाक हळूहळू थेट खडकाकडे न्यायचं. कडेलाच पाणी खोल असल्याने बोट अगदी जवळ जाते. एकाने दोर घेऊन खडकावर उतरायचं, भेगेत लोखंडी खुंटी ठोकायची, दोर बांधायचा. झालं. पाण्यालगतच्या काळ्या पट्ट्यावर मात्र पाय ठेवू नका, तिथे शेवाळ असतं. वरचा गुलाबी ग्रॅनाइट हिमनद्यांनी घासून इतका गुळगुळीत केलाय की उन्हाने तापल्यावर त्यावर नुसतं पाठ टेकून पडावं. स्वीडनमधल्या सार्वजनिक वावराच्या हक्कामुळे, कुणाच्या घराजवळ नसाल तर, अशा ठिकाणी एखाद-दुसरी रात्र फुकट राहता येतं. पक्ष्यांच्या विणीच्या काळात काही बेटांवर उतरायला बंदी असते, नकाशात ते आधी बघा.

वाऱ्याचं म्हणाल तर डाल्मेशिया सोपा. दुपारी वायव्येचा मायेस्त्राल उठतो, म्हणजे आपले खारे वारेच, आणि सूर्य कलला की पडतो. डोंगरावरून कोसळणारा बुरा नावाचा वारा उन्हाळ्यात क्वचित येतो, पण अंदाजात दिसला की निवारा गाठायचाच. बोहुसलेनचं हवामान लहरी आहे, एक-दोन दिवस पावसाचे धरूनच चाला. दक्षिणेकडचं मार्स्ट्रांड ते उत्तरेकडची कोस्टर बेटं हे सुमारे 60 सागरी मैल आहेत, जाऊन-येऊन करायचं तर दहा दिवस ठेवा. कोकणातल्या माणसाला नवल वाटेल, पण भरती-ओहोटीचा फरक दोन्हीकडे जेमतेम फूटभर!

पाणी हा खरा वादाचा मुद्दा. डाल्मेशियात ऐन उन्हाळ्यात 24-25 अंश, तासन्‌तास पोहा. बोहुसलेनला 18-20, शिवाय डंख करणारे लाल जेलीफिश. जेवणही डाल्मेशियाचंच सरस: विस बेटावर निखाऱ्यांखाली झाकून शिजवलेलं ऑक्टोपस आम्ही दोनदा खाल्लं. हे बेट लष्करी तळामुळे 1989 पर्यंत परदेशी लोकांना बंद होतं, म्हणूनच अजून शांत आहे.

कागदपत्रं: क्रोएशियात बोट चालवायचा परवाना आणि रेडिओचं प्रमाणपत्र लागतं. नसेल तर कप्तान घ्यावा लागतो, म्हणजे तुम्ही दोघंच उरत नाही. स्वीडनमध्ये 12 मीटर लांबी आणि 4 मीटर रुंदीच्या आतल्या बोटीला कायद्याने परवाना लागत नाही, मात्र भाड्याने देणारे अनुभव विचारतात. 2023 पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर दोन्हीकडे तोच व्हिसा चालतो.

दोघांपैकी एकाला जरी थंड पाणी सोसत नसेल, तर डाल्मेशियाच घ्या, पण सप्टेंबरमध्ये. बोट थोडीफार येत असेल आणि एकांत हवा असेल, तर जूनअखेरीस बोहुसलेन. रात्रीचे दहा वाजून गेले तरी खडकावर उजेड असतो, चूल लागत नाही, बंदरातून आणलेली उकडलेली कोळंबी सोलत बसायचं, आणि नजर जाईल तिथवर दुसरी बोट नसते.