बोनमॅरो की थायमस?

काही बाळांत जन्मतःच टी पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तयार होत नाहीत. त्यांच्यासाठी बोनमॅरो (हाडांतला मगज, जिथं रक्तपेशी बनतात) किंवा थायमस (छातीतली ग्रंथी, जिथं टी पेशी घडतात) बसवतात. दोन्ही उपचार टी पेशींसाठीच. पण बिघाड कुठं आहे, यावर निवड ठरते. एससीआयडी या जन्मजात आजारात दोष बोनमॅरोतून येणाऱ्या पेशींत असतो. दात्याच्या मूळपेशी दिल्या की काम भागू शकतं. 1968 पासून हे होतंय. डायजॉर्ज या दुसऱ्या जन्मजात आजाराच्या पूर्ण प्रकारात मात्र थायमसच नसतो. आम्हा सोलापूरकरांच्या भाषेत, सूत भरपूर, पण मागच नाही; चादर विणायची कुठं? अशा बाळाला बोनमॅरो दिला तर दात्याच्या तयार टी पेशी साथ देतात, नव्या घडत नाहीत. म्हणून तिथं माझं मत थायमसलाच.

तान्ह्या बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेत थायमसचा भाग काढावा लागतो. तोच प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे राखून रुग्णाच्या मांडीच्या स्नायूत बसवतात. (हो, छातीत नाही, मांडीत!) अमेरिकेत 2021 मध्ये त्याला मान्यता मिळाली. परिणाम दिसायला मात्र सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. तोवर बाळाला संसर्गापासून सांभाळायचं.

बोनमॅरोसाठी इथून पुणे-मुंबई गाठता येते. थायमससाठी अमेरिकेतलं डरहम किंवा लंडन. खर्चाचं बोलायलाच नको.

घरात आधीच्या मुलाला असा आजार झाला असेल, तर पुढच्या बाळाला बीसीजी टोचण्याआधी डॉक्टरांना ते सांगा. ती जिवंत लस आहे; टी पेशी नसलेल्या बाळाला तिचाच संसर्ग होऊ शकतो.