बंदुकीचं लोखंडी कपाट: घ्यावं, पण आत बंदूक रिकामीच ठेवावी

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या भागांत रानडुकरांपासून कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगणारी घरं आहेत. पण ती ठेवायची जागा कित्येक ठिकाणी अजून दाराआडचा कोपरा, नाहीतर कपड्यांचं कपाट. परवान्याच्या अर्जात हत्यार ठेवायला सुरक्षित जागा आहे का, हा प्रश्न असतो. तिथे ‘होय’ लिहिलं जातं आणि विषय संपतो. सत्तरीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मापानं बनवून मिळणारं हे कपाट त्यासाठीच आहे. कपाट घेण्याजोगं आहे. मात्र वर्कशॉपमधून येतं तसंच भिंतीला लावलं तर निम्मा उपयोग वाया जाईल, आणि भरलेली बंदूक त्यात ठेवली तर सगळाच.

पत्रा १४ गेजचा, म्हणजे २ मिलिमीटर. उंची १३५०, रुंदी ३५०, खोली ३०० मिलिमीटर. ३० इंची नळीची दुनळी १२०० मिलिमीटरच्या आसपास भरते, ती आत आरामात उभी राहते. नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, म्हणजे ठासणीची बंदूक असेल तर ऑर्डर देण्याआधी टेप लावून मोजा, कारण काहींची नळी यापेक्षा लांब असते. पत्रा खरंच २ मिलिमीटरचा आहे का, ते वजनावरून कळतं. या जाडीचा पत्रा चौरस मीटरला १५.७ किलो भरतो आणि एवढ्या कपाटाला जवळजवळ २ चौरस मीटर लागतो, म्हणजे रिकामं कपाट ३० किलोच्या खाली भरता कामा नये. ते १८-२० किलोच भरलं तर पत्रा १८ गेजचा लावलाय. तो पहारीला दाद देत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, कोपऱ्यातून सहज उलतो.

दाराला सात लिव्हरचं कुलूप आहे, तेच बरं. काही ठिकाणी बोटाच्या ठशाचं कुलूप सुचवतात. कुदळ-कोयता चालवणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, पावसात बोटं ओली असतात, आणि किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत बॅटरीच्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो. ऐन वेळी ते उघडत नाही. बिजागऱ्या मात्र बाहेरून वेल्ड केलेल्या येतात. त्या कापल्या तरी दार निघू नये म्हणून बिजागरीच्या बाजूनं आत दोन पिना बसवून घ्या, दार लागलं की त्या चौकटीत घुसल्या पाहिजेत.

वरच्या भागात काडतुसांसाठी ३०० बाय २०० बाय १५० मिलिमीटरची वेगळी पेटी आहे. कल्पना उत्तम, पण दोन दोष आहेत. पेटी फक्त दोन टाक्यांवर वेल्ड केलेली असते. चारही बाजूंनी वेल्ड मागून घ्या. दुसरा दोष मोठा आहे. पेटीचं कुलूप आणि दाराचं कुलूप एकाच किल्लीनं उघडतं. ग्राहकाची सोय म्हणून असं देतात, पण त्यामुळे बंदूक आणि काडतुसं वेगळी ठेवण्याला काहीच अर्थ उरत नाही. पेटीला दुसऱ्या नंबरचं कुलूप लावा आणि ताबा घेताना दाराची किल्ली पेटीत फिरवून बघा.

आता भरलेली की रिकामी, हा मुद्दा. कपाट बंदच असतं, मग बंदूक भरून ठेवली तर काय बिघडलं, असं वर्कशॉपवालाही म्हणतो आणि घेणाराही. बिघडतं. बहुतेक दुनळींत सेफ्टीचा खटका फक्त चाप अडवतो, आतले घोडे चढलेलेच राहतात. कपाटातून काढताना दस्ता चौकटीला आपटला किंवा बंदूक निसटून लादीवर पडली, तर चापाला बोट न लागताही बार उडू शकतो. बाहेर घोडे असलेल्या काही जुन्या बंदुकांत तर खाली टेकलेला घोडा थेट पिनेवर असतो आणि पिन काडतुसाच्या टोपीवर. शिवाय आगीचा विचार करा. पेटीतलं सुटं काडतूस तापून फुटलं तर कवच फाटतं, छर्ऱ्यांना फारसा जोर मिळत नाही. तेच काडतूस नळीत असेल तर ती पूर्ण ताकदीची गोळी होते, आणि नळीचं तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला सुटते.

डुक्कर रात्री येतं, तेव्हा भरत बसायला वेळ कुठे, हा प्रश्न रास्त आहे. पण डुक्कर कुळागरात येतं, माजघरात नाही. चपला घालून, बॅटरी घेऊन तिथपर्यंत चालत जायचंच असतं. काडतुसं खिशात, बंदूक मोडून, म्हणजे नळी बिजागरीवर खाली वाकवून, उघडी हातावर, आणि जागेवर पोचल्यावर भरायची. दोन काडतुसं घालायला किती वेळ लागतो ते प्रत्येक बंदूकवाल्याला माहीत आहे. परतताना कुळागराच्या कडेलाच रिकामी करायची, अंगणात येऊन नव्हे. तोंड जमिनीकडे, बोट चापाबाहेर, वरची लिव्हर ढकलून बंदूक मोडायची, काडतुसं काढून मोजायची, मग उजेडाकडे धरून दोन्ही नळ्यांतून आरपार बघायचं. अंधारात डोळ्यांवर भरवसा नको, काडतूस बसतं त्या दोन्ही घरांत करंगळी घालून बघा.

ठासणीच्या बंदुकीत चूक व्हायला जास्त वाव आहे. टोपी काढली की बंदूक रिकामी, असं धरून चालतात, पण दारू आणि छर्रे नळीतच असतात. इथे गजच उपयोगी पडतो. बंदूक नक्की रिकामी असताना गज तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी जिथे येईल तिथे रंगानं रेघ मारून ठेवा. पुढे कधीही गज टाकल्यावर रेघ तोंडाच्या वर राहिली, तर आत बार आहे. असा बार स्वतः उकरत बसू नका, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या. काळ्या दारूची राख पाणी ओढते, म्हणून वापरानंतर नळी गरम पाण्यानं धुऊन, कोरडी करून, तेलाचं बोट फिरवल्याशिवाय कपाटात जाऊ नये.

बसवण्यात वर्कशॉपनं खरंच निराशा केली आहे. कपाटाला वरच्या बाजूला दोनच भोकं आणि सोबत १० मिलिमीटरचे फासनर. ते काँक्रीटसाठी असतात. आपल्या भिंती चिऱ्याच्या. फासनर आवळला की तो आत फुगतो, भोकाभोवतीचा चिरा भुसभुशीत होऊन लाल पूड गळते आणि बोल्ट हातानं फिरू लागतो. बाहेरून तो घट्टच दिसतो, म्हणून कपाट दोन्ही हातांनी ओढून बघा. जवळ काँक्रीटचा खांब असेल तर कपाट तिथे लावा. नसेल तर भिंतीच्या आरपार १० मिलिमीटरचा आटे पाडलेला गज घालून पलीकडे १०० बाय १०० मिलिमीटरची, ५ मिलिमीटर जाडीची पट्टी लावा, पलीकडची बाजू घराच्या आतली असेल तरच. केमिकल अँकर, म्हणजे भोकात रेझिन भरून बोल्ट चिकटवणं, हाही मार्ग आहे, पण भोक ब्रशनं घासून, फुंकून पूर्ण साफ करावं लागतं, नाहीतर रेझिन चिऱ्याऐवजी पुडीला चिकटतं. भोकं चार हवीत, दोन वर, दोन खाली. तळ लादीपासून १०० मिलिमीटर वर ठेवा. लादी पुसतानाचं पाणी आधी तळाच्या वेल्डमध्येच शिरतं.

वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात आत स्पंज चिकटवलेलं कपाट देणं बरोबर नाही. स्पंज ओल धरून ठेवतो आणि नळी जिथे टेकते तिथे महिन्याभरात गंजाची सरळ रेघ उमटते, ओळीत टोचल्यासारखे तांबडे ठिपके. तो खरवडून काढा आणि नळी टेकायला पॉलिश केलेली सागवानी खाचपट्टी लावा. चामड्याच्या खोळीत बंदूक कायम ठेवू नका, चामडं कमावतानाचे क्षार पोलाद खातात. सिलिका जेल २५० ग्रॅम कापडी पिशवीत टांगा. निळं गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरता येतं. पावसाळ्यात दर आठवड्याला रंग बघा. बंदूक तोंड खाली करून उभी केली तर तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही, लाकूड मऊ पडत नाही. काडतुसांना मात्र तेलाचा हात लावू नका. तेल टोपीत झिरपलं की काडतूस दगा देतं. जुनी कागदी कवचाची काडतुसं दमटपणानं फुगून नळीत अडकतात, ती वेगळी काढा. प्लॅस्टिकच्या कवचाची फुगत नाहीत, पण पितळी बुडावर हिरवा कळंक चढलेला दिसला तर तीही घालू नका.

किल्ल्यांबद्दल. देव्हाऱ्यातली वाटी, दाराच्या चौकटीवरचा खिळा, कॅलेंडरमागची फट, या जागा घरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतात. चवथीला घर भरतं तेव्हा पाहुण्यांच्या पोरांनाही त्या दोन तासांत कळतात. दाराची किल्ली परवानाधारकाच्या अंगावर, पेटीची दुसऱ्या खोलीत कुलपाआड. मुलाकडे किंवा गड्याकडे ‘जरा सांभाळ’ म्हणून देऊ नका, परवाना त्याच्या नावावर नाही.

परवानाधारक चार दिवस परगावी जाणार असेल तर दुनळीसाठी आणखी एक काम करावं. नळीखालचा पुढचा लाकडी तुकडा काढला की नळी आणि दस्ता सुटे होतात. नळी आणि दस्ता कपाटात, आणि तो तुकडा काडतुसांच्या पेटीत. ३०० मिलिमीटर लांबीच्या या पेटीत तो बहुधा आडवा बसतो. ऑर्डर देताना तुमच्या बंदुकीचा तुकडा मोजून तेवढी लांबी वर्कशॉपला सांगा.